घरचा फेरा

मेळा भरायच्या आदल्या दिवशी आमच्या घरी एका गोष्टीवरून हमखास भांडण व्हायचं. आई म्हणायची, रिकाम्या पोटी पाळण्यात बसायचं नाही, चक्कर येते. आत्या म्हणायची, भरल्या पोटी बसायचं नाही, उलटी होते. मग मधला मार्ग म्हणून बाबा सकाळीच बाजारातून गरम बेढई, म्हणजे उडदाची डाळ भरलेली पुरी, आणायचे आणि प्रत्येकाने एकेकच खायची असा हुकूम सुटायचा. तो हुकूम कुणी पाळत नसे. मी तर दोन खाऊन वर जिलेबीही हाणायचे, आणि मला कधी काही झालं नाही.

आम्ही बसायला निघायचो तो मेळ्यातला मोठा लाकडी रहाटपाळणा. गावातली हिंदी माणसं त्याला बड़ा झूला म्हणत, आणि खोटं कशाला बोलू, आम्हीही घरात निम्म्या वेळा झूलाच म्हणायचो. ग्वाल्हेरची मराठी अशीच आहे. पुण्याच्या पाहुण्यांनी नाक मुरडलं तर मुरडू दे. सागाचे लांबलचक आरे, त्यांच्या टोकांना लटकणारे आठ पाळणे, एकेकात चार माणसं, आणि मध्ये बाभळीचा जाडजूड आस, ज्याच्यावर हा सगळा डोलारा फिरायचा. इंजिन नाही, मोटर नाही. मुरारच्या आखाड्यातले पैलवान तो हातांनी फिरवायचे. किल्ला सोडला तर ग्वाल्हेरात याच्याहून उंच काही नाही, अशी माझी लहानपणी खात्री होती.

पाळणा दरबारचा, पण सांभाळायचा आमच्या घराने. आमची माणसं दख्खनेतून फौजेबरोबर इकडे आलेली. आजोबा दरबारच्या तोफखान्यात होते, तोफांच्या गाड्यांची चाकं बघायचं त्यांचं काम. ज्याला तोफेचं चाक कळतं त्याला पाळण्याचंही कळेल, असं वर कुणीतरी ठरवलं आणि पाळणा आजोबांच्या गळ्यात पडला. त्याच्याबरोबर एक रीतही आली. मेळा उघडण्याआधी पाळण्याचा पहिला फेरा सांभाळणाऱ्याच्या घरच्यांनी घ्यायचा. बायको, मुलं, भाऊ, भावजया, सुना, झाडून सगळ्यांनी. घरचे सुखरूप उतरले की मग पाळणा गावाला मोकळा. याला आम्ही घरचा फेरा म्हणायचो. सही नाही, शिक्का नाही. आधी तुझी माणसं बसव, मग आमची बसवतो, एवढाच कायदा.

आता नातवंडं मला मोबाइलवर कुठल्या कुठल्या देशांतले रोलर कोस्टर दाखवतात. तिथे म्हणे रोज सकाळी आधी रिकामी गाडी फिरवून बघतात. नवीन असेल तर पाण्याने भरलेले पुतळे बसवून फिरवतात, आणि मग माणसं. जुना झाला की त्याला रीतसर निवृत्त करतात, शेवटच्या फेरीला लोक रांगा लावतात, रडतातसुद्धा. नातू म्हणतो, "आजी, तुमच्या टाइम में असं सेफ्टी-वेफ्टी काही नसेल ना?" मी म्हणते, होतं की रे. ते पुतळे म्हणजे आम्ही.

आजोबांनंतर तोफखान्यातली नोकरी आणि पाळणा दोन्ही बाबांकडे आलं. मला आठवतात ते घरचे फेरे सगळे धुक्यातले. मेळा ऐन थंडीतला, आणि ग्वाल्हेरची थंडी काय चीज आहे ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. गोरखीतल्या घरापासून मेळ्याच्या मैदानापर्यंत आमच्या टांग्यांची रांग लागायची. घोड्यांच्या नाकांतून वाफ, आमच्या तोंडांतून वाफ. मैदानावर दुकानांचे नुसते सांगाडे उभे असायचे, कुठे तट्ट्या, कुठे कनाती. आणि धुक्यात पाळण्याचा फक्त खालचा अर्धा भाग दिसायचा. वरचा अर्धा आहे की नाही, अशी शंका मला दर वर्षी नव्याने यायची.

आम्ही वर निघालो की आधी बाबा पुसट व्हायचे, मग पैलवान, मग जमीनच नाहीशी व्हायची. कानात लाकडाचं कुरकुरणं आणि आतून कुठूनतरी काकूच्या बांगड्या. आणि मग एकदम ऊन! पिवळं, कोवळं, गालाला लागणारं. खाली सगळं पांढरं आणि सपाट, आणि त्याच्यावर किल्ला एकटाच तरंगत असायचा, खाली डोंगर नसल्यासारखा. आमचे पाळणे त्या पांढऱ्यातून एकेक वर यायचे आणि पुन्हा बुडायचे. धाकटे काका वर आले की मला हात करायचे, मी हात करीपर्यंत ते बुडालेले असायचे. मला अजून स्वप्नात हे दिसतं. स्वप्नात पाळणा थांबत नाही, कुणाला उतरायची घाई नसते, आणि आत्या दुसऱ्या कुठल्यातरी पाळण्यातून ओरडून विचारत असते, "अगं, बेढई किती खाल्ल्यास?"

तेव्हा आमचं खटलंच एवढं मोठं होतं की आठही पाळणे भरून माणसं उरायची. मागे राहिलेले फुरंगटून बसायचे. मग दुसरा फेरा.

पुढे संस्थान विलीन झालं. आमच्या घरात ते कसं शिरलं ते सांगते. आधी फौज गेली. तोफखाना मोडला आणि बाबांच्या वयाच्या माणसांना घरी बसवलं. मग मध्य भारत नावाचं नवीन राज्य झालं आणि त्याला राजधान्या दोन. उन्हाळ्यात सरकार इंदूरला, हिवाळ्यात ग्वाल्हेरला. त्या सरकारबरोबर फायली, टाइपरायटर आणि आमचे मधले काका दोन्हीकडे हिंडायचे, कारण ते सचिवालयात कारकून. काकू वैतागून म्हणायची, "घर आहे का बैलगाडी?" माझ्या ताईचं लग्नही त्याच ये-जा करणाऱ्या ओळखींतून इंदूरला झालं. आणि मग तेही राज्य मोडलं, सगळं एक करून मोठा मध्य प्रदेश केला, राजधानी भोपाळला गेली. मधले काका भोपाळला गेले. धाकटे काका कोर्टात होते, ते जबलपूरला गेले. एक एक खोली रिकामी होत गेली. शेवटी आम्ही तिघं उरलो, आई, बाबा आणि मी. आणि आत्या होती, पण ती मुरारला तिच्या घरी.

बाबा मात्र बदलले नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं. दरबार राहिला नव्हता, तोफखाना राहिला नव्हता, पण पाळणा होता, आणि मेळ्याच्या दोन महिने आधीपासून बाबा रोज सकाळी पागोटं बांधून मैदानावर जायचे. लाकूड बघायचं, वंगण घालायचं, दोर बदलायचे. पाळणा होता म्हणून त्यांना सकाळी उठून जायला ठिकाण होतं. हे मला तेव्हाही कळत होतं, मी काही इतकी लहान नव्हते. फ्रॉक सुटून परकर आला होता.

तर भोपाळ राजधानी झाली त्या हिवाळ्यातली गोष्ट. घरच्या फेऱ्याला आम्ही एकाच टांग्यातून गेलो. आई, आत्या आणि मी. आधीच्या एक-दोन वर्षांतही माणसं कमीच होती, पण इतकी नाही. एका पाळण्यात आम्ही तिघी, बाकीचे सात रिकामे. पैलवानांनी बजरंगबलीचं नाव घेतलं, पाळणा फिरला, आम्ही उतरलो. बाबा म्हणाले, "झाला घरचा फेरा. उद्यापासून पाळणा मोकळा."

तिथे एक तरुण इंजिनिअर उभे होते. मेळ्याची व्यवस्था आता नव्या सरकारच्या खात्याकडे आली होती आणि त्यांनी पाठवलेले हे. मराठीच, पण इंदूरचे. राजधानीवरून इंदूर आणि ग्वाल्हेर यांची इतकी वर्षं जुंपलेली, की बाबांनी ते इंदूरचे हे कळल्याबरोबर भुवई वर केली होती. इंजिनिअर फार अदबीने म्हणाले, "दादासाहेब, रिकामा पाळणा फिरवून काय कळलं?"

बाबा तडकले. "रिकामा? माझी बायको होती त्यात!"

"वहिनीसाहेब होत्या, आत्याबाई होत्या, ही बेबी होती," इंजिनिअर म्हणाले. "पण उद्या आठही पाळण्यांत चौघं चौघं बसणार. एवढं ओझं या आसाने यंदा अजून घेतलेलं नाही."

बाबांनी आसाकडे बघितलं. मी त्यांच्याकडेच बघत होते. असा त्यांचा चेहरा मी कधी बघितला नव्हता. घर पांगत गेलं तसतसा घरचा फेरा हलका होत गेला होता, आणि हे आमच्यातल्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही! रीत पाळली, नारळ फोडला, बायकामुलं बसली, उतरली. मग सगळं ठीकच असणार की! तोफांची चाकं बघणारं घर आमचं, आणि ही साधी गोष्ट आम्हाला कुणीतरी इंदुराहून येऊन सांगावी लागली.

इंजिनिअर म्हणाले, वाळूची पोती भरू, आठही पाळण्यांत माणसांच्या वजनाइतकी ठेवू आणि फिरवून बघू. टिकला तर खुशाल चालवा. नाही टिकला तर खात्याच्या मनात मोटरवर फिरणारा लोखंडी पाळणा आहेच, हा उतरवून टाकू.

"पोती?" बाबा म्हणाले. "पोत्याला आईबाप असतात का? पोतं पडलं तर कोण रडणार आहे?"

"म्हणूनच तर पोती, दादासाहेब."

दोघंही आपापल्या जागी बरोबरच होते, असं मला आता वाटतं. तेव्हा मला त्या माणसाचा नुसता राग आला होता. शेवटी बाबा म्हणाले, "मला संक्रांतीपर्यंत वेळ द्या. आठही पाळणे भरतो. पण माझ्या माणसांनी भरतो." इंजिनिअरांनी खूप समजावलं, म्हणाले पोत्यांनी आधी एकदा बघू तरी. बाबा ऐकेनात. तो सभ्य माणूस शेवटी म्हणाला, "बरं. पण माझ्यासमोर. आणि तोवर पाळणा बांधून ठेवायचा." मेळा उघडला, दिवे लागले, खुसखुशीत खजला तळला जाऊ लागला आणि आमचा पाळणा दोर बांधून उभा. लोक विचारायचे, "क्यों साहब, झूला बीमार है क्या?" बाबा दोराच्या गाठी आवळत राहायचे.

घरी आई म्हणाली, "अहो, पोती भरू द्या ना. काय बिघडतंय?"

"घरचा फेरा घरच्यांनी घ्यायचा," बाबा म्हणाले. भोपाळ, जबलपूर, इंदूर, सगळीकडे पत्रं गेली. घरचा फेरा आहे, सहकुटुंब या.

आणि आले हो सगळे! मला वाटलं नव्हतं येतील. संक्रांतीच्या आदल्या दिवशी टांगे येऊन थांबायला लागले ते थांबतच राहिले. घर पुन्हा भरलं. जिथे तिथे गाद्या, जिथे तिथे चपला, न्हाणीघराशी रांग. भोपाळच्या चुलत भावंडांनी महिन्या-दोन महिन्यांत मराठी टाकून द्यायला सुरुवात केली होती. "बड़ी अम्मा, गुड़ की रोटी और दो ना," असं ती आईला म्हणायची आणि आई हरखून वाढत सुटायची. मधली काकू मात्र घाबरली होती. "वन्सं, तुम्ही जुन्या खोडाच्या, मला नाही बाई बसवत आता," ती आत्याला म्हणाली. आत्या म्हणाली, "भोपाळचं पाणी चार दिवस प्यायलीस तर लगेच भित्री झालीस होय गं?" सगळे हसले. रात्रीचं जेवण वाढताना बाबा स्वतः तुपाची वाटी घेऊन फिरले. बाबांनी वाढलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येकाच्या पानापाशी जरा जास्तच थांबत होते.

मोजणी केली तर अजून दोन माणसं कमी पडत होती. शेजारचे म्हणाले, आम्ही बसतो. बाबा म्हणाले, घरचीच हवीत. शेवटी इंदूरहून ताईबरोबर तिचे सासरे आले होते, त्यांच्यावर सगळ्यांची नजर गेली. व्याही चांगले भरभक्कम होते. धाकटे काका म्हणाले, "दादा, हे एकटेच दोघांच्या जागी चालतील." व्याह्यांनी पोटावर हात ठेवून मान्य केलं. आमचा कोरम भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच धुकं. मेळा अजून जागा झाला नव्हता, दुकानांवर पडदे, कुठे कुठे शेकोट्या. इंजिनिअर मफलर गुंडाळून आधीच येऊन उभे होते. एकेक पाळणा खाली आणायचा, त्यात चौघं बसवायची, पैलवानांनी थोडं फिरवायचं, मग पुढचा. पाळणा जड होत होता ते कुरकुरण्यावरून कळत होतं. आई, मी आणि भोपाळची दोन पोरं एका पाळण्यात होतो. भरता भरता आमचा पाळणा अगदी वर जाऊन थांबला.

तिथे आम्ही थांबलो, आणि थांबूनच राहिलो.

त्या वेळचं मला सगळं सगळं आठवतं. ऊन. पांढरं सपाट धुकं. त्यात बुडालेली मुरार आणि बुडालेली आमची लष्कर पेठ, आणि मध्ये किल्ला, तसाच. छोट्या लाइनीच्या गाडीची शिट्टी आली, गाडी दिसली नाही. आमच्या खालच्या पाळण्यात धाकटे काका काहीतरी गुणगुणत होते. त्याच्या खालून आत्याचा आवाज, त्याच्या खालून ताईचा. माझी सगळी माणसं अशी माझ्या खाली, बाजूला, धुक्यात लटकत होती, आणि मला वाटलं की आता हे असंच राहू दे. कुणाला भोपाळला जायचं नाही, कुणाला जबलपूरला जायचं नाही. इथेच दिवस उगवेल, इथेच जेवू. मला फार सुख वाटत होतं. इतकं की डोळ्यांत पाणी आलं.

मग धुकं फाटायला लागलं. आधी शेकोट्या दिसल्या, मग पैलवानांची डोकी, मग बाबा. इंजिनिअर म्हणताना ऐकू आलं, "आठही भरले का, ते तुम्हीच एकदा बघून सांगा, दादासाहेब." बाबांनी मान वर केली. एकेका पाळण्यावरून त्यांची नजर फिरत आमच्यापर्यंत आली. मी हात केला. त्यांनी केला नाही. ते नुसते बघत राहिले.

पैलवान आऱ्यांना हात लावून तयार होते. बाबांनी हात वर केला की ते फिरवणार, अशी पद्धत. बाबांचा हात वर होईना. "दादा, झोपलात का?" खालून धाकटे काका ओरडले. भोपाळची पोरं रडायला लागली. इंजिनिअर बाबांच्या जवळ येऊन काही बोलले. बाबांनी मान हलवली आणि पैलवानांना म्हणाले, "उतरवा सगळ्यांना. हळू. एकेक पाळणा." आणि मग इंजिनिअरांकडे न बघता, "पोती आणा."

पोती आली. दुपार झाली तरी मेळ्याच्या रस्त्याच्या कामाची वाळू भरणं चालूच होतं. आम्ही चादरी पसरून बसलो होतो. पोती चढली, पाळणा फिरला. एकदा, अनेकदा. कुरकुरला, पण फिरला. इंजिनिअरांनी आसाच्या खाली जाऊन बघितलं, टोकांना हात लावून बघितलं, परत फिरवायला लावला. मग रुमालाने हात पुसत आले आणि म्हणाले, "दादासाहेब, पास आहे तुमचा पाळणा. अजून दोन-चार मेळे आरामात काढेल."

पैलवानांनी आरोळी ठोकली. काका उठून उभे राहिले. माझ्या जिवात जीव आला. बाबांना सकाळी उठून जायला ठिकाण राहणार होतं!

बाबा म्हणाले, "नाही."

"अहो, पण पास आहे."

"पोत्यांनी पास केला. माझी माणसं त्यात होती तेव्हा माझा हात वर झाला नाही. मग दुसऱ्यांची माणसं कोणत्या तोंडाने बसवू?"

इंजिनिअरांनी खिशातून वही काढली. "मग मी लिहू काय?" त्यांनी विचारलं.

"लिहा, सांभाळणाऱ्याला भरवसा राहिला नाही. उतरवा." एवढं म्हणून बाबा पाळण्यापाशी गेले आणि आऱ्याला डोकं टेकून उभे राहिले. ते रडत होते. सगळ्यांदेखत, मेळ्यात. आमच्या घरच्या पुरुषाला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मला इतकं भरून आलं की मीही तिथेच भोकाड पसरलं.

मधले काका परतताना टांग्यात धुसफुसले. रजा काढून आलो, थंडीत पोरं लटकवली, पास झाला तर हे नको म्हणतात, म्हणजे काय! दोन दिवसांनी सगळे आपापल्या गावी गेले. बाबांनी पैलवानांना हाताशी घेऊन पाळणा स्वतः उतरवला. लाकूड कुठे गेलं ते मी कधी विचारलं नाही.

त्यानंतरचं वर्ष आमच्या घरात वाईट गेलं. बाबा सकाळी उठायचे, पागोटं बांधायचे आणि ओसरीवर बसून राहायचे. आणि आई त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. चहा झालाय, पाणी तापलंय, बस. मला वाटायचं, पाळणा हातचा घालवला म्हणून ती रागावलीय. मला तिचाच राग यायचा. माणूस आधीच खचलाय, आणि हिचं काय हे!

पुढच्या थंडीत लोखंडी पाळणा आला. हिरवा रंग, मोटर, बसल्यावर समोर लावायचा दांडा. इंजिनिअरांनी निरोप धाडला होता की दादासाहेबांनी यावं. आम्ही तिघं गेलो. आधी रिकामा फिरला, मग पोत्यांनी भरून फिरला, मग खात्याची माणसं बसली. सगळं रीतसर. संध्याकाळ होत आली होती, दिवे नुकतेच लागत होते, पाळण्यावरचेही लागले. ते दिवे वर जात होते आणि खाली येत होते आणि आम्ही तिघं भला मोठा पापड मोडून खात बघत उभे होतो. इंजिनिअर म्हणाले, "वहिनीसाहेब, बसणार?" आई म्हणाली, "नको. पुष्कळ बसले." ते हसून निघून गेले.

मग ती बाबांकडे वळली. माझ्यासमोरच म्हणाली, मी आहे याचं तिला भानच नसावं.

"एक विचारू? इतकी वर्षं मला त्यात बसवलंत. लग्न होऊन आले त्या वर्षी बसवलंत. ताई पोटात होती तेव्हा बसवलंत. हिला तान्ही घेऊन बसले. मागच्या संक्रांतीच्या आधी रिकाम्या पाळण्यात आम्हा तिघींना बसवलंत. एकदाही तुमचा हात अडला नाही. आणि भाऊ बसले, त्यांची पोरं बसली, तेव्हा बरा अडला! माझ्या जिवाला काही किंमतच नव्हती का?"

तर हे होतं. वर्षभर ती हे पोटात घेऊन वावरत होती.

बाबा पापडाचा तुकडा हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "अगं, मी कधी वर बघितलंच नव्हतं."

"म्हणजे?"

"तू पाळण्यात पाय ठेवलास की मी भ्यायचो. पहिल्या वर्षापासून. वर बघितलं असतं तर हात वर झालाच नसता. म्हणून मी मान खाली घालून आसाकडे बघायचो, तसाच हात वर करायचो आणि तुझा पाय जमिनीला लागेपर्यंत मान वर करायचो नाही. वडीलही तेच करायचे. त्यांनीच मला सांगितलं होतं, वर बघू नकोस. त्या दिवशी त्या माणसाने बघायला लावलं."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिचा चेहरा एकदम विरघळला. "अहो, आणि मी?" ती म्हणाली. "मी काय बघत होते? डोळे गच्च मिटून बसायचे मी. मनात म्हणायचे, हे खाली एवढे ठाम उभे आहेत, म्हणजे यांना खात्री आहे, मग आपण कशाला भ्यायचं!"

ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. बाबांनी चारचौघांत, भर मेळ्यात, तिचा हात धरला. मी आपली दुसरीकडे बघू लागले. बाबांनी मान खाली घालून हात वर केला, आई बाबांच्या खात्रीवर बसली, त्या दोघांच्या भरवशावर आमचं सगळं घर बसलं, आणि आम्ही सुखरूप उतरलो म्हणून इतकी वर्षं सगळं ग्वाल्हेर बसत आलं.